एक जूनच्या यादीतली खोटी ओळ

प्रिय आबा,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं लिहिते. तुमच्या वर्षश्राद्धाला मंडळानं जे चार पानी पत्रक वाटलं, 'एक जून : आपल्या गावच्या क्रिकेटचे जन्म आणि पराक्रम', ते मी, तुमच्या लेकीनं, लिहिलं होतं. त्यात बालाजीदादाच्या नावापुढं असं छापलंय : 'एकोणपन्नास धावांवर धावबाद. अर्धशतकाच्या हट्टापायी सोपी धाव नाकारली, गाव एका धावेनं हरलं.' आबा, ही ओळ खोटी आहे. बालाजीदादाच्या धावा एकोणपन्नास नव्हत्या, एक्कावन्न होत्या. आणि त्या दिवशी आपण हरलो नव्हतो.

ही छपाईतली चूक नाही. कळंबच्या छापखान्यात प्रूफ तपासायला मी स्वतः गेले होते. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला. त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पुढं गेले. ती खोटी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुम्ही होतात तेव्हा हे पत्र लिहिणं शक्यच नव्हतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि घरात आलेला प्रत्येक कागद तुम्हाला मीच वाचून दाखवायची. म्हणजे पत्र लिहून ते तुमच्यासमोर बसून मलाच मोठ्यानं वाचावं लागलं असतं! तेवढी माझी छाती नव्हती. आता वाचून दाखवायची वेळ येणार नाही म्हणून लिहितेय. ह्याला धाडस म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

पत्रकात आणखी एक गोष्ट खरी नाही. जन्मांच्या यादीत मी तुमचंही नाव घातलंय. तुमच्या आधार कार्डावर एक जानेवारी आहे. कार्ड काढणाऱ्या माणसाशी तुम्ही किती भांडलात! "आरं, एक जून टाक की. आमची आख्खी टीम एक जूनची हाय." तो म्हणाला, "कागद दाखवा." तुमच्याकडं कागद कुठला? शाळेचा दाखला असेल त्यालाच एक जून मिळते, आणि तुम्ही शाळेची पायरी चढला नव्हतात. त्यानं एक जानेवारी टाकून तुम्हाला उठवलं. तुम्ही दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. ही नोंद मात्र मी तशीच ठेवणार आहे. तुमचा खरा दिवस कुणालाच ठाऊक नाही, मग तुम्हाला आवडणारा दिवस का नको? त्या खोट्यानं कुणाचं काही गेलं नाही.

बालाजीदादाचं गेलं.

मला शाळेत घालायला नेलंत तो दिवस मला आठवत नाही, पण तुम्ही इतक्यांदा सांगितलाय की डोळ्यांसमोर दिसतो. गुरुजींनी विचारलं, "जन्मतारीख?" तुम्ही म्हणालात, "मेंढरं वाशीच्या माळावर व्हती तवा. लोकर कातरून झालती." गुरुजींनी पेन टेकवलं नाही. "महिना सांगा." "पानी पडलं नव्हतं आजून." "मग एक जून," म्हणून त्यांनी लिहून टाकलं. आपल्या गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म असाच झालाय. शाळा जूनमध्ये उघडते, वयाची वर्षं बरोबर जुळतात, गुरुजींचं काम भागतं.

दुसऱ्या एखाद्या गावानं ह्यावर हसून सोडून दिलं असतं. आपल्या गावानं त्याचा सण केला! पेरणीच्या आधीची मोकळी रानं, माणसं गावात हजर, आणि टीममधल्या अकरापैकी नऊ जण त्याच तारखेचे. म्हणून दर एक जूनला मांजरा नदीपलीकडच्या गावाशी सामना. सामन्याआधी नऊ जणांना ओळीनं उभं करायचं आणि सगळ्यांत मिळून एकच नारळ फोडायचा. उमरग्याच्या स्पर्धेत आपल्या पोरांचे दाखले पाहून तिथला माणूस म्हणाला होता, "काय हो, ही सगळी एकाच बाळंतिणीची का?" तुम्ही लगेच म्हणालात, "व्हय. गुरुजी सुईण व्हते." तो माणूस हसता हसता दाखले खाली पाडून बसला.

दूध डेअरीच्या भिंतीवरची काळी चौकट ही तुमचीच कल्पना. वर पांढऱ्या रंगात 'क्रिकेटमधला आजचा दिवस'. शाळेला जाताना मी डेअरीतला पेपर तुम्हाला वाचून दाखवायची. आज अमक्या देशाचा अमका फलंदाज जन्मला, आज तमक्यानं पहिलं शतक केलं. तुम्ही काठीवर हनुवटी टेकून ऐकायचात आणि निवडायचात. "त्याचं नको, त्यो लई हळू खेळायचा. ह्याचं लिव." मी खडूनं लिहायची. हे काम मी तिसरीपासून करत होते असं पत्रकात म्हटलंय. तिसरीपासून नव्हे, चौथीपासून. तेही दुरुस्त समजा.

एक जूनला मात्र पेपर बंद. "पेपरवाले त्यांच्या मानसांचं लिवत्यात. आपन आपल्यांचं लिवू." मग आपले नऊ जन्म, आणि खाली त्या तारखेला आपल्या रानात झालेले पराक्रम : पहिली हॅटट्रिक, नदीच्या पात्रात पडलेला पहिला षटकार, बाभळीच्या काट्यात शिरून घेतलेला झेल. एरवी त्या भिंतीकडं न बघणारी माणसं त्या दिवशी थांबायची. स्वतःचं नाव वाचता न येणारेसुद्धा विचारायचे, "माझं कुठंय? किती मोठं लिवलंय?"

त्या भिंतीवर एकदा लिहिलं की गावात ते खरं व्हायचं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

धावा लिहायचं कामही तुमच्यामुळंच माझ्याकडं आलं. आपल्या घरात पाटी धरलेली मी पहिली. थोरले काका सारखं म्हणायचे, "पोरीला आठवीपतुर लई झालं. शिकून तरी काय, मेंढरंच राखायची." तुम्ही त्यांना तोंडानं उत्तर दिलं नाहीत. कळंबहून एक लांबडी वही आणलीत, माझ्या हातात दिलीत, आणि एक जूनच्या सामन्यात मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, माइकवाल्याशेजारी बसवलंत. सगळ्या गावानं बघावं म्हणून! मी रेघा मारून रकाने आखले. माझे सातचे आकडे सगळे सारखे यायचे. माइकवाला आकडा विचारायचा, मी सांगायची, तो गावाला सांगायचा. काकाही ऐकायचे.

आणि तुम्ही मैदानात अंपायर. उजव्या खिशात खडे. धाव झाली की एक खडा डाव्या खिशात. चौकार झाला की चार. मेंढरं मोजायची तुमची जी रीत, तीच तुम्ही सामन्याला लावली होती. डाव संपला की डावा खिसा रिकामा करून विसाविसाचे ढीग घालायचे. पोरं हसायची. तुम्हीही हसायचात, पण मोजायचं सोडत नव्हतात.

मी नववीत होते त्या वर्षीचा सामना. बारा षटकांचा. पलीकडच्यांनी चौऱ्याण्णव केल्या. डाव संपल्यावर तुम्ही ढीग घातले, चार विसा चौदा. माझी बेरीज, चौऱ्याण्णव. तुम्ही ट्रॉलीकडं बघून ओरडलात, "बगा! खडे आन् पुस्तक एक!" त्या वेळचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तो दिसला की आजकाल मी डोळे मिटते.

मग आपला डाव. सातव्या षटकात माझं पेन गळलं. नेमका बालाजीदादाच्या नावावर शाईचा डाग. दुसरी कुणी असती तर डागाशेजारी लिहीत राहिली असती. मला ते पान तसं बघवेना. मी खडूची भुकटी टाकली, शाई टिपली, बोटानं झटकली, नाव पुन्हा गिरवलं. मैदानातून ओरडा ऐकू आला. मला वाटलं, मघाच्या चौकाराचाच चाललाय. वर बघितलं तेव्हा गोलंदाज बदलत होता. मी आठव्या षटकाची रेघ मारली.

शेवटचे दोन चेंडू उरले. वहीप्रमाणं आपल्या ब्याण्णव झाल्या होत्या, जिंकायला पंच्याण्णव हव्यात. बालाजीदादा अठ्ठेचाळीसवर, समोर अकरावा खेळाडू. त्यानं घाम पुसत ट्रॉलीकडं बघून विचारलं, "सारके, किती?"

मी तीन बोटं दाखवली.

त्यानं चेंडू ढकलला. सोपी एक धाव होती, समोरचा अर्ध्यात आला होता. बालाजीदादानं हात करून त्याला परत पाठवलं. तीन हव्यात तर शेवटचा चेंडू अकराव्याच्या हाती कसा द्यायचा? त्याचं बरोबरच होतं! शेवटच्या चेंडूवर तो जीव खाऊन पळाला. पहिली धाव पूर्ण झाली, दुसऱ्या धावेत धावबाद. माइकवर आकडा गेला, त्र्याण्णव. पलीकडचे नाचायला लागले.

तुम्ही खेळपट्टीवरच बसलात आणि खिसा रिकामा केलात. चार ढीग, वर पंधरा. तुम्ही पुन्हा मोजलं. पलीकडच्यांचा कप्तान म्हणाला, "काय आबा, खड्यांवर मॅच घेता का आता?" आपलेही काहीजण हसले. तुम्ही उठून ट्रॉलीपाशी आलात. "सारके, पुस्तकात किती हाय?"

मी वहीत न बघताच म्हणाले, "त्र्याण्णव."

तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत. मग सगळ्यांकडं वळून म्हणालात, "मग त्र्याण्णवच. लिवलेलं चुकत न्हाय. माझेच खडे ज्यादा पडले असतील." आणि खडे पुन्हा खिशात भरलेत.

का, आबा? एकदा नुसतं "बघ तरी" म्हणाला असतात! मी पान उलटलं असतं, सातवं षटक सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मला रडू आलं असतं, माइकवाला हसला असता, काका काहीतरी बोलले असते. आणि संपलं असतं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी वही उघडली. सातव्या षटकापुढं पाचच खुणा होत्या. तुमचे दोन जादा खडे कुठले, ते मला तिथंच कळलं. मी डाग टिपत होते तेव्हा बालाजीदादानं दोन धावा काढल्या होत्या. म्हणजे त्यानं मला "किती?" विचारलं तेव्हा एकच हवी होती. मी एक बोट दाखवलं असतं तर त्यानं ती सोपी धाव घेतली असती. आणि तेही जाऊ द्या, शेवटच्या चेंडूवरची पहिली धाव पुरी झाली तेव्हाच आपण जिंकलो होतो. तो बाद झाला तो जिंकलेल्या सामन्यात पळून बाद झाला!

तुम्ही मागं मेंढरांपाशी होतात. दहा पावलांवर. मला वही घेऊन यायचं होतं. मी पेन उचललं आणि सहाव्या जागी एक टिंब दिलं. टिंब म्हणजे त्या चेंडूवर धाव नाही. नीट, गोल, रकान्याच्या मधोमध.

पाच खुणा ही माझी चूक होती, ती कुणीही माफ केली असती. टिंबाचं काय करू?

दुसऱ्या दिवशी भिंतीवर लिहिताना तुम्ही म्हणालात, "बालाजीचं नाव नको लिवू." मी नाही लिहिलं. पण गावानं ते तोंडी लिहून टाकलं. स्वतःच्या पन्नासीसाठी गाव बुडवलं. त्याचं नाव 'एकोणपन्नास' पडलं. पुढच्या वर्षी मारुतीभाऊंनी बावन्न केल्या, ते 'एक जूनचं पहिलं अर्धशतक' म्हणून मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. बालाजीदादा त्या दिवशी आला नव्हता. नंतर कधीच आला नाही. तो आता कळंबला आडतीच्या दुकानात काट्यावर असतो, धान्य तोलतो. मी शिकवते ती शाळा त्याच रस्त्यावर आहे. एकदा जाताना ऐकलं, पोतं लावताना कुणी शेतकरी म्हणाला, "नीट तोल बाबा, तुझ्या हातून पन्नासाला एक कमीच भरतंय." सगळे हसले. बालाजीदादा पण हसला. त्यानं मला बघितलं आणि विचारलं, "काय सारिकाबाई, शाळा सुटली का?" मी हो म्हणून भराभर चालत सुटले.

आबा, मी गणित शिकवते. एखाद्या मुलीच्या पेपरात अर्धा गुण चुकला तर मला जेवण जात नाही. लोक फॉर्म भरायला माझ्याकडं येतात. म्हणतात, आबांच्या पोरीनं भरला म्हणजे तपासायचं काम नाही.

त्या सामन्यानंतर तुम्ही मेंढरं मोजायचं माझ्यावर सोपवलंत. "तू वहीत लिव, तेच बरं." मला वाटायचं, तुमचा स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास उडाला. जन्मभर एक मेंढरू न चुकलेल्या माणसाला मी हे करून ठेवलं! ती वही मी रोज भरायची, रोज तुमच्या नजरेला नजर न देता.

आणि शेवटच्या महिन्यात तुम्ही अंथरुणावर असताना एकदा दुपारी विचारलंत, "सारके, त्या मॅचला माझे खडे चार विसा पंधरा भरले व्हते, न्हाय गं?" मी तुमच्या पायांना तेल लावत होते. दुसरं कुणी नव्हतं. आई शेजारी गेली होती. मी म्हणाले, "चुकले असतील, आबा." तुम्ही छताकडं बघितलंत. मग म्हणालात, "असंल." पुन्हा थोड्या वेळानं, "बालाजी वाईट पोरगं न्हाय." मी तेलाची वाटी उचलून आत गेले.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आता हे माझ्यापाशीच राहील. मग मारुतीभाऊ आले. ते आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. म्हणाले, तुमच्या नावानं पत्रक काढू, त्यात तो गाजलेला सामना हवाच, लोक तेच आधी वाचतील. मी तो सामना गाळायचा विचार केला होता. पण गाळला तर कुणी विचारेल, का गाळला? ह्या भीतीनं मी तो लिहिला. आणि लिहिताना तुम्ही वर्ज्य केलेलं नावही घातलं. 'हट्टापायी' हा शब्द माझा आहे. मारुतीभाऊंनी सांगितलेला नाही.

वर्षश्राद्धाला मांडवात पत्रक माइकवर वाचलं. बालाजीदादा पंगतीत आमटी वाढत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो पहाटेपासून आपणहून आला होता, चुली पेटवल्या होत्या, पाण्याचे ड्रम भरले होते. त्याची ओळ आली तशी पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "ए एकोणपन्नास, हिकडं एक पळी ज्यादा वाढ, पन्नास हुंदी!" मांडव हसला. त्यानंही हसत पळी वाढली. मग तो माझ्यापाशी आला, वाकून माझ्या पत्रावळीत आमटी घातली आणि हळू म्हणाला, "चांगलं लिवलंस सारके. जे झालं तेच लिवलंस. आबा असते तर लई खूश झाले असते."

त्यानं टोमणा मारला असता तर मी तो सोसला असता. त्यानं तर ते खरं मानलंय! इतकी वर्षं तो स्वतःच मानून बसलाय की त्यानं पन्नासीसाठी गाव बुडवलं. मी तीन बोटं दाखवली होती हे त्याला आठवत असेल. पण ती चुकीची होती असं त्याच्या मनातसुद्धा आलेलं नाही. का येईल? लिहिलेलं चुकत नाही, असं तुम्हीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी आईला सगळं सांगितलं. सहावा चेंडू, टिंब, सगळं. आईनं पातेलं खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"खडे. तू आत पुस्तक घिऊन बसलीस तवा ह्यांनी मागं मेंढरापशी परत मोजले. तीनदा. मग मला मोजाया लावले. चार विसा पंधराच भरले. म्या म्हनलं, जावा की मग, सांगा गावाला. तर म्हनले, पुस्तक चुकलं म्हनलो की थोरला दादा उंद्यापासनं तिला मेंढरामागं धाडतोय. धावी हुंदी तिची. मग बगू."

"मग पुढं?"

"पुढं काय? धावी झाली. मग बारावी आली. मग तुझं कॉलेज." आईनं पातेलं उपडं केलं. "ते बगू तसंच राह्यलं."

आबा!

म्हणजे ट्रॉलीपाशी तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेव्हाच तुम्हाला शंका आली होती? मेंढरं मोजायला लावलीत ती तुमच्या खड्यांवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, मला वहीतून मान वर करून बघायची सवय लागावी म्हणून? आणि त्या दुपारी, तेल लावताना, तुम्ही विचारत नव्हतात. मला संधी देत होतात. उत्तर तुमच्यापाशी होतं, तुम्हाला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी म्हणाले, चुकले असतील. तुम्ही "असंल" म्हणालात ते काय समजून, हे आता मी कुणाला विचारू?

रागावू का तुमच्यावर? रागावते. माझी शाळा वाचावी म्हणून तुम्ही गप्प राहिलात, त्याबद्दल मी तुमचे पाय धरते. पण दहावीनंतर? मला नोकरी लागल्यावर? काका थकल्यावर? बालाजीदादा रोज आपल्या दारावरून सायकल ढकलत जायचा, तुम्ही त्याला हाक मारून चहा पाजायचात. दरवेळी. मला वाटायचं, तुम्हाला तो आवडतो. चहानं काय फिटत होतं, आबा? त्याच्यावर ओझं टाकून माझी पुस्तकं आली, हे तुम्हाला कधी टोचलं नाही? टोचत असणारच. म्हणून तर तुम्ही दोनदा कप भरायचात.

असं लिहिताना मला भीती वाटते की मी माझा भार तुमच्यावर टाकतेय. तसं नाही. टिंब माझं आहे. तुम्हाला ते कधी दिसलंही नाही.

आता पुढचं. मारुतीभाऊंना ती वही काचेच्या चौकटीत घालून येत्या एक जूनला ग्रामपंचायतीत लावायची आहे. तुमच्या फोटोशेजारी. त्यांचं अर्धशतक पहिलं नव्हतं असं त्यांना सांगितलं तर ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. "बाई, आता कशाला उकरायचं? आबांच्या नावाला बट्टा लागंल." कदाचित लागेल. लोक म्हणतील, बापलेकीनं मिळून दाबलं. तुमच्या नावावर बोट येईल ह्या विचारानंच मी पंधरा दिवस गप्प बसले. पण स्वतःला कितीही समजावलं तरी ते कारण पुरत नाही.

आधी वाटलं, एक जूनलाच सगळ्यांसमोर माइकवर सांगावं. मग कळलं, त्यात माझीच वाहवा होईल. म्हणतील, केवढी प्रामाणिक पोरगी! आणि बालाजीदादाला ते गावाबरोबर, गर्दीत उभं राहून कळेल. त्यानं आधी ऐकायला हवं. एकट्यानं. त्याला रागवायला, शिव्या द्यायला, दार लावून घ्यायला जागा हवी. गावाला कधी, कसं सांगायचं, भिंतीवर लिहायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. वहीही मी त्याच्याच हातात देणार आहे. मंडळानं मागितली तर त्यानं द्यावी.

मला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते सांगू? तो म्हणेल, "जाऊ दे गं सारके, जुनी गोष्ट." तो तसं म्हणाला तर मी काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. एवढंच ठरवलंय की त्याच्या 'जाऊ दे'मागं लपायचं नाही. पत्रकाची दुरुस्ती छापायचीच, माझ्या नावानं, 'हट्टापायी' ह्या शब्दासकट.

काय बोलायचं ते चारदा लिहून काढलं आणि चारही कागद चुलीत घातले. लिहून नेणार नाही. ह्या वेळी तोंडानं.

तुम्हाला वचन देते, आबा, ह्यात आता पुढं ढकलणं नाही. आज सोमवार. उद्या नववीचे पेपर परत द्यायचे आहेत. परवा आडतीवर माल उतरतो, बालाजीदादाला मान वर करायला वेळ नसतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी आडत बंद असते, तो घरी असतो, सकाळी अंगणात दाढी करत बसतो. त्या वेळेला मी त्याच्या दारात उभी असेन. येत्या गुरुवारी.

तुमची,
सारिका